उजवी टाच

"झोपा," टाचबाई म्हणाल्या.

मॅनेजरांनी आधी स्ट्रेचरकडे पाहिलं, मग स्वतःच्या कडक इस्त्रीच्या पँटकडे. शर्यतीच्या नव्या कोऱ्या ट्रॅकवरचा तो नवा कोरा दवाखाना होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता, आणि भिंती अशा चकचकीत की माणसाने जखमी व्हायलासुद्धा चांगले कपडे घालून यावं.

"मी झोपू?"

"तुम्हीच. दार कसं झालंय ते तुम्हालाच कळायला हवं. आणि उंच आहात, ते बरंच आहे."

मॅनेजर झोपले. त्यांचे बूट स्ट्रेचरच्या बाहेर आले. दोन वॉर्डबॉयनी त्यांना उचलून अँब्युलन्सपर्यंत नेलं आणि टाचबाईंनी हात करताच पळत परत आणलं. दारातून आत आलं की लगेच डावीकडे वळायचं होतं, कारण तपासणीची खोली डावीकडे होती. स्ट्रेचर अर्धं वळलं आणि अडकलं. पुढचा वॉर्डबॉय भिंतीला चिकटला, मागचा दाराबाहेर राहिला, आणि मधल्या मध्ये मॅनेजरांचा त्रिशंकू झाला.

"जरा उभं करून घेतलं तर वळेल की," मागचा म्हणाला.

"मान मोडलेल्या माणसाला उभं करणार?" टाचबाईंनी शांतपणे विचारलं.

मॅनेजर आडव्याआडवेच हसले. "बाई, कळलं. ही भिंत मागे घेतो. आता उतरवा मला, नाहीतर खरंच पाडाल." दुसरा कोणी असता तर नकाशा काढून बसला असता, आर्किटेक्टला फोन लावला असता. यांनी कपडे झटकले आणि थेट गवंड्याला बोलावलं. माणूस सरळ होता. टाचबाईंना तो आवडला आणि त्याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं, कारण या ट्रॅकवरचा माणूस आवडायची त्यांची तयारी नव्हती.

मोटारींच्या शर्यतींचे ट्रॅक तपासण्यात टाचबाईंचा जन्म गेला होता. शर्यत म्हटलं की लोकांना वेग दिसतो, चषक दिसतो, हेल्मेट काढून केस झटकणारा ड्रायव्हर दिसतो. टाचबाईंना रस्त्याच्या कडा दिसत. "गाडी रस्त्यावर आहे तोवर ड्रायव्हरची. रस्ता सुटला की माझी," असं त्या म्हणत. टायरची भिंत घट्ट बांधली आहे का, एका चौकीवरच्या झेंडेवाल्याला पुढच्या चौकीचा झेंडा दिसतो का, अँब्युलन्सच्या फाटकाची किल्ली फाटकापाशीच असते की साहेबांच्या खिशात फिरते, असल्या गोष्टींत त्यांचा जीव. आणि सगळ्यांत जास्त जीव खडीत.

वळणाच्या बाहेर खडीचा रुंद पट्टा असतो. सुपारीएवढे गोल गोटे, सैल पसरलेले. घसरलेली गाडी त्यात शिरली की चाकं रुततात आणि गाडी थांबते. पण हीच खडी दबली, तिच्यात माती बसली, की तिची फरशी होते. मग गाडी तिच्यावरून घसरत जाते आणि थेट भिंतीवर आदळते. वरून पाहून दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून टाचबाई पट्ट्यात उतरत, अंगाचा सगळा भार घेऊन उजवी टाच हाणत. बूट घोट्यापर्यंत आत गेला तर पास. मोजपट्ट्या आणि कागद नंतर, टाच आधी. नाव त्यावरून पडलेलं. खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवे.

ही त्यांची शेवटची तपासणी होती. हंगामातली शेवटची, सगळ्यांत मोठी शर्यत कुठे घ्यायची हे ठरायचं होतं, आणि उमेदवार दोन: हा नवा ट्रॅक आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचा जुना. दोन्ही बघा, दर्जा आणि सुरक्षितता ताडून बघा, आणि कुठला बरा ते सांगा, असं संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना सांगितलं होतं. टाचबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "साहेब, जुना ट्रॅक म्हणजे माझं माहेर आहे. दुसऱ्या कोणाला पाठवा." अध्यक्ष म्हणाले होते, "माहेरच्या माणसांना तुम्ही जास्तच धारेवर धरता, हे सगळ्यांना माहितेय. जा."

दुपारभर त्या नव्या ट्रॅकवर हिंडल्या. रस्ता एकसारखा, एक ठिगळ नाही. कडा ऐसपैस. टायरच्या भिंतींना रबरी पट्टा बाहेरून बोल्टने जखडलेला. झेंडेवाल्यांच्या चौक्या एकमेकींना स्वच्छ दिसणाऱ्या. वळणं मात्र सगळी एका छापाची, बेचव. खडीच्या प्रत्येक पट्ट्यात त्यांनी टाच रोवली आणि प्रत्येक ठिकाणी ती आत गेली. निघताना गवंडी दवाखान्याची भिंत फोडत होता आणि मॅनेजर स्वतः स्ट्रेचर धरून माप देत होते.

घरी यजमान वाट बघत होते. यजमान शहर बसचे निवृत्त ड्रायव्हर. गावातला सगळ्यांत सावकाश ड्रायव्हर अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या बसला कासव म्हणत, आणि लोक म्हणत, घाई असेल तर चालत जा. ते कधी चिडले नाहीत. "मी आयुष्यभर लोकांना पोचवलं," ते सांगत, "आणि हिने न पोचणाऱ्यांची काळजी वाहिली. मिळून आमचा संसार."

घरही बाईंच्या हातून सुटलं नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या टायरचे तुकडे कापून लावलेले, सतरंजीची टोकं खिळ्यांनी ठोकलेली, न्हाणीघरात कठडा. यजमान पाहुण्यांना म्हणत, "आमच्या घरात पडायची सोयच नाही. पडायचं झालं तर शेजारी जावं लागतं."

टाचबाईंनी पाय स्टुलावर घेतला. उजवा गुडघा सुजला होता. यजमानांनी न सांगता तेलाची वाटी आणली.

"कसा आहे नवा?"

"चांगला आहे." मग थोड्या वेळाने, "फारच चांगला आहे, मेला."

"म्हणजे पंचाईत."

"दवाखान्याचं दार चुकलं होतं. तर तो मॅनेजर म्हणाला, भिंत पाडतो. पाडलीसुद्धा! असं भांडण न करता ऐकणाऱ्या माणसाचं करायचं काय?"

यजमान हसले. "आणि उद्या माहेर."

"उद्या माहेर." जुन्या ट्रॅकला ही शर्यत मिळाली तर ट्रॅक राहणार, नाही मिळाली तर संचालक मंडळ तो बंद करणार, हे आता कोणापासून लपलेलं नव्हतं. तिथे त्या मुलगी असताना झेंडा घेऊन उभ्या राहिल्या होत्या. जे काही येत होतं ते तिथे शिकल्या होत्या. आणि तिथे खडीकाका होते.

"आज टाच मारलीस?" यजमानांनी तेल चोळत विचारलं.

"मारली की."

"या पायाने?"

"या पायाने आता होत नाही. डावीच मारते. केव्हापासून मारतेय."

"डावी काय, उजवी काय, टाच ती टाच," यजमान म्हणाले. टाचबाईंनाही तेव्हा ते पटलं.

सकाळी जुन्या ट्रॅकच्या फाटकात सेक्रेटरी हजर होते. गोल, आनंदी गृहस्थ. चहा तयार, खुर्ची तयार, आणि तोंडात साखर.

"या, या! तपासणी काय, नुसती पायधूळ झाडा. घरचंच आहे."

"घरच्याच चुलीचा धूर डोळ्यात जातो," टाचबाई म्हणाल्या. "चहा नंतर घेते."

जुना ट्रॅक जुना होता हे तर दिसतच होतं. रस्त्याला ठिगळं होती, पण नीट बसवलेली. चौक्यांचा रंग उडाला होता, पण झेंडे दिसत होते. टायरच्या भिंती हाताने बांधलेल्या, आणि एकही टायर हलत नव्हता. फाटकाची किल्ली फाटकापाशीच, आणि तिथे कायमचा बसलेला म्हातारा पहारेकरी झोपेतसुद्धा ती हातात धरून असे. दवाखाना म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, पण दार एवढं रुंद की स्ट्रेचर नाचवत नेलं तरी चाललं असतं. आणि वळणं! प्रत्येक वळणाला स्वभाव होता. ड्रायव्हर लोक त्यांना नावं देऊन ओळखत. सगळ्यांत अवघड वळणाचं नाव होतं सासूबाई. आत शिरताना मोठं गोड, या या म्हणतं, आणि मध्यावर गेल्यावर आवळायला लागतं. तिथे दरवर्षी कोणी ना कोणी रस्ता सोडायचंच. म्हणून सासूबाईंच्या बाहेरचा खडीचा पट्टा सगळ्यांत मोठा.

त्या पट्ट्याच्या कडेला खडीकाका दाताळं घेऊन उभे होते. उंच, वाळलेले, डोक्यावर कापडी टोपी. या पट्ट्यांशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही सांभाळलं नव्हतं. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "सासूबाई आहेत की, बायको कशाला?" रोज सकाळी दाताळं खोल घालून खडी उलटीपालटी करायची, सैल ठेवायची, हे त्यांचं काम. टाचबाई झेंडा धरायला लागल्या तेव्हा त्यांना पट्ट्यात उतरवून काकांनीच सांगितलं होतं, "डोळ्यांवर जाऊ नको. टाच मार." 

"आलीस?" काका म्हणाले.

"आले, काका. बरे आहात?"

"मी बराय. तू लंगडतेस."

"थोडी."

पट्टा देखणा दिसत होता. दाताळ्याच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नुकतेच केस विंचरावेत तशा. सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले, "बघा, नव्यांच्याकडे आहे का असं?" नव्यांच्याकडे ते यंत्र करत होतं, आणि रेघा इतक्या सुंदर नव्हत्या. टाचबाईंना मनापासून बरं वाटलं. त्या पट्ट्यात उतरल्या, मध्यावर गेल्या, आणि डावी टाच रोवली. गोटे करकरले, टाच आत गेली. त्यांनी आणखी दोन-तीन ठिकाणी रोवली. आत गेली.

"छान," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

मागून काका दाताळ्याने त्यांची पावलं पुसत, उलटे चालत येत होते. हा त्यांचा जुना शिरस्ता. पट्ट्यात माणूस उतरला की बाहेर येताना त्याच्या पाऊलखुणा पुसायच्याच. खडीवर खूण म्हणजे काहीतरी घडलंय. आपलीच पावलं राहिली तर उद्या खरी खूण ओळखायची कशी? अध्यक्ष आले तरी काका त्यांच्या मागे दाताळं घेऊन चालत.

आज मात्र दाताळ्याचा आवाज थांबला. टाचबाईंनी वळून पाहिलं. काका त्यांच्या टाचेच्या खुणेपाशी उभे होते.

"पोरी, ही टाच नव्हे."

"म्हणजे?"

"ही तू ठेवलीस. मारली नाहीस."

"गुडघा दुखतो हो, काका."

"दिसतंय मला. पण गाडी काय तुझा गुडघा बघून हळू येणार आहे?" काका म्हणाले. "उजवी मार."

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. "काका, बाईंनी बघितलंय ना? छान म्हणाल्यात त्या. तुम्ही कशाला उगाच..."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. टाचबाई परत मध्यावर आल्या. हातातली पिशवी खाली ठेवली. पूर्वी मारत तशी, अंगाचा सगळा भार घेऊन त्यांनी उजवी टाच हाणली.

वरचे गोटे उडाले. बोटभर खोलीवर टाच थाडकन थांबली. कळ गुडघ्यातून थेट मांडीत गेली आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. काकांनी दाताळं टाकून त्यांचा दंड धरला. दोघंही खाली बघत राहिले. वर बोटभर सैल, सुंदर रेघांची खडी, आणि तिच्याखाली फरशी.

"माझ्याच्याने आता दाताळं आत जात नाही," काका हळूच म्हणाले. "जोर लावतो, पण वरवरच फिरतं. मला वाटतच होतं. रेघा चांगल्या येतात ना, म्हणून कोणाला कळत नाही."

"कोणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? हात गेले म्हणून सांगू?" मग म्हणाले, "म्हटलं, तू येशील. तुझ्या टाचेला कळेल. मला बोलावं लागायचं नाही. आणि तू तर डावी ठेवून निघालीस की गं!"

टाचबाईंना रडू आलं आणि त्याच वेळी हसूही. काका गप्प राहिले असते तर ट्रॅक वाचला असता, त्यांची अब्रू राहिली असती, सेक्रेटरींनी पेढे वाटले असते. आणि मग एखाद्या दुपारी सासूबाईंनी कोणाला तरी बाहेर फेकलं असतं आणि तो या सुंदर रेघांवरून भिंतीपर्यंत गेला असता. काकांना हे रोज सकाळी दिसत असणार. एवढं ओझं घेऊन हा माणूस वाट कोणाची बघत होता, तर आपली. आणि आपण आलो ते डावा पाय पुढे करून. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ लाज.

"काका, गेल्या वर्षीही मी डावीच मारली होती."

"माहितेय. गेल्या वर्षी बरी होती खडी. मी रात्री झोपायचो तेव्हा."

सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "बाई, ट्रॅक्टर लावून सगळी उकरून घेतो. आठ-पंधरा दिवसांत! तोवर अहवाल थांबवा ना. आपलेच आहात तुम्ही."

"उकरून घ्याच," टाचबाई म्हणाल्या. "पण आज जशी आहे तशी मला सांगावी लागेल. हा पट्टा आज पास नाही. आणि बाकीचे पट्टे मी परत बघणार."

त्यांनी बाकीचे पट्टे पाहिले. प्रत्येक ठिकाणी उजव्या पायाने. कुठे खडी बरी होती, कुठे नव्हती. काका मागून पावलं पुसत आले, आणि चहा मात्र त्या दिवशी कोणी घेतला नाही.

ऑफिसातून त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. पट्ट्याचं सांगितलं, डाव्या टाचेचंही सांगितलं. मग अध्यक्ष म्हणाले, "मग नव्या ट्रॅकवरसुद्धा..."

"डावीच मारली होती. म्हणून उद्या परत जाते तिथे. ताडून बघायचं तर दोघांना एकच पाय पाहिजे."

रात्री जेवताना टाचबाईंनी सगळं सांगितलं. यजमानांनी एकदाच विचारलं, "सकाळी मी सोडू?" आणि सकाळी त्यांनी स्वतःच्या जुन्या गाडीतून, मागच्या सगळ्यांचे हॉर्न ऐकत, त्यांना नव्या ट्रॅकवर नेलं.

मॅनेजर चकित झाले. "बाई, काही राहिलं होतं?"

"माझाच एक पाय राहिला होता," टाचबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर गाडीत बसल्यापासून त्यांच्या मनात एक नको तो विचार येत होता. एखादा पट्टा तरी कडक निघावा. एकच. म्हणजे दोघांचं पारडं सारखं होईल, मग जुन्या ट्रॅकला पंधरा दिवस मागता येतील. दुसऱ्याच्या ट्रॅकवर दगड निघावा म्हणून आपण मनात हात जोडतोय, हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःलाच दटावलं. पण विचार जाईना.

पहिल्या पट्ट्यात उजवी टाच हाणली. घोट्यापर्यंत आत. दुसऱ्यात घोट्यापर्यंत. मॅनेजर आणि यजमान दोन बाजूंनी हात धरून त्यांचा पाय बाहेर काढत होते, आणि पुढच्या पट्ट्यावर नेत होते. शेवटच्या पट्ट्यात तर बूट इतका रुतला की पाय बाहेर आला आणि बूट आतच राहिला. यजमानांनी वाकून तो उपसला, उलटा करून झटकला. गोटे खळखळ खाली पडले.

"पास?" यजमानांनी विचारलं. त्यांना सगळं कळत होतं.

"पास," टाचबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. मॅनेजरांना वाटलं गुडघा दुखतोय, त्यांनी पळत जाऊन खुर्ची आणली. मग म्हणाले, "दवाखान्याचं दार झालंय, बघता का? मी परत झोपतो."

आणि तो उंच माणूस खरंच परत झोपला. स्ट्रेचर न अडखळता वळलं.

मोठी शर्यत नव्या ट्रॅकला गेली. अहवालात टाचबाईंनी जुन्या ट्रॅकच्या वळणांचं, टायरच्या भिंतींचं आणि फाटकावरच्या किल्लीचं जेवढं चांगलं लिहिता येईल तेवढं लिहिलं, कारण ते खरंच होतं. खडीचंही लिहिलं, कारण तेही खरं होतं. आपल्या पायाचंही लिहिलं. शेवटी सही केली आणि निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांना भेट म्हणून बूट दिले, सगळे हसले, त्याही हसल्या.

शर्यतीच्या दिवशी त्या, यजमान आणि खडीकाका नव्या ट्रॅकच्या प्रेक्षकांत बसले होते. मॅनेजरांनी आठवणीने बोलावलं होतं. शर्यतीच्या मध्यावर एक गाडी वळणावर सुटली, गिरक्या घेत खडीत शिरली आणि धुळीचा लोट उठला. सगळे उभे राहिले. लोट बसला तेव्हा गाडी पट्ट्याच्या मध्यावर रुतून बसली होती, भिंतीपासून चांगली लांब. ड्रायव्हर उतरला, हेल्मेट काढलं, आणि भयंकर चिडून चाकाला लाथ मारली. लोक निराश होऊन खाली बसले.

काका खूश होऊन म्हणाले, "बघ कसा चिडलाय! चिडायला माणूस धड लागतो."

आणि जुना ट्रॅक? तो बंद होईल असं सगळे धरून चालले होते. पण वर्षभर जागेला गिऱ्हाईकच फिरकलं नाही आणि मंडळाने शेवटी तो शहर बसच्या आणि अँब्युलन्सच्या शिकाऊ ड्रायव्हरांना सरावासाठी दिला. शिकवायला कोणीतरी पोक्त, सावकाश माणूस हवा होता. यजमान आता रोज सकाळी शिट्टी घेऊन तिथे जातात. ज्या रस्त्यावर एकेकाळी लोक एका क्षणाच्या फरकाने जिंकायचे, तिथे ते ओरडत असतात, "हळू! अरे हळू! पोचायचंय ना?" आयुष्यात इतका मान त्यांना कधी मिळाला नव्हता. ट्रॅकभोवतीची गर्दी, इंजिनांचा कल्लोळ, वाऱ्यावर फडफडणारे झेंडे, ते सगळं गेलं. पहिले काही महिने टाचबाईंना तिथली शांतता कानात दुखायची. आता सवय झाली आहे.

सासूबाईंच्या बाहेरचा पट्टा सेक्रेटरींनी शब्दाप्रमाणे ट्रॅक्टरने उकरून घेतला होता. शिकाऊ बससुद्धा सुटू शकते, असं काकांनी बजावलं होतं. रोजचं काम आता ट्रॅक्टर करतो. काकांना कोणी या म्हणत नाही आणि कोणी येऊ नका म्हणत नाही. ते येतात.

परवा सकाळी टाचबाई यजमानांचा विसरलेला डबा द्यायला गेल्या, तेव्हा काका पट्ट्याच्या कडेलाच होते.

"आलीस ते बरं झालं. काल उकरलीय. बघ जरा."

"आता मी कोण बघणारी?"

"मी सांगतोय म्हणून बघ."

टाचबाईंनी डबा खाली ठेवला. भेट मिळालेले बूट पायात होते. त्या काकांच्या हाताला धरून मध्यावर गेल्या, तोल सावरला, आणि उजवी टाच हाणली. गोटे बाजूला झाले, बूट घोट्यापर्यंत आत गेला. गुडघ्यात कळ आली, पण ती येणारच होती.

"गेली," त्या म्हणाल्या.

"गेली," काका म्हणाले.

टाचबाई सावकाश पट्ट्याबाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला थांबल्या. काका दाताळं घेऊन उलटे चालू लागले. एक पाऊल मागे, एक हात दाताळ्याचा, मग थांबून श्वास. टाचबाईंच्या तोंडावर आलं होतं, द्या इकडे, मी करते. त्या बोलल्या नाहीत. सासूबाईंच्या वळणावरून एक शिकाऊ बस बैलगाडीच्या चालीने आली, आत बसलेले यजमान हात हलवून गेले, आणि बस सरळ रस्त्याला लागली. काकांना बराच वेळ लागला. त्यांनी टाचेचा खोल खळगा बुजवला, टाचबाईंची पावलं पुसली, मग स्वतःची. शेवटी रस्त्यावर उभं राहून, वाकून, कडेचं आपलं शेवटचं पाऊल पुसलं.

दोघांनी वळून पाहिलं. पट्ट्यात कधी कोणी उतरलंच नव्हतं.